होने वादळ बेटाच्या खालून जातंय : पुनातून थेट (आणि "चुकलं" म्हणजे नेमकं काय?)

चिंब
२५ ऑगस्ट २०२४, ०१:०८

इथे हवाईत शनिवार सकाळचे साडेनऊ झालेत. तुमच्याकडे रविवार उजाडायचाय. साडेपंधरा तासांचा फरक असल्याने बहुतेक जण हे सकाळच्या चहाबरोबर वाचाल, तोवर आमच्याकडे दुपार होऊन वारा सुटलेला असेल.

मी राहते हवाई बेटावर (सगळे "बिग आयलंड" म्हणतात), हिलोच्या दक्षिणेला पुना भागात. वस्तीचं नाव हवाईयन पॅराडाइज पार्क. नावात स्वर्ग, पायाखाली लाव्हा आणि नळाला नगरपालिका नाही. घरोघरी छपराचं पाणी मोठ्या टाकीत साठवतात आणि पंपाने घरात आणतात. वीज गेली की पंप बंद. म्हणजे छपरावर धो धो पाऊस आणि मोरीतला नळ कोरडा! त्यामुळे सकाळपासून बादल्या, पातेली, कुकर, आईने बळेच सामानात कोंबलेला तांब्याचा हंडा, जे सापडेल ते भरून ठेवतेय.

वादळाचं नाव होने. मध्य प्रशांतातल्या वादळांना हवाई भाषेतली नावं देतात, त्यात याचा अर्थ गोड, मंजुळ असा काहीतरी. आपलं "होणे" नव्हे, पण आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "जे होणे असेल ते होईल, तू आधी मेणबत्त्या बघ."

सकाळच्या अंदाजानुसार केंद्र बेटाच्या दक्षिण टोकाच्याही खालून पश्चिमेला निघून जाणार. आम्हाला ट्रॉपिकल स्टॉर्म वॉर्निंग लागली आहे. काल दोन नातेवाइकांचे फोन आले, "बाजूने जाणार म्हणे, सुटलात!" हा "सुटलात" शब्द मला २०१८पासून ऐकवत नाही.

बरोबर सहा वर्षांपूर्वी, याच आठवड्यात, लेन आलं होतं. पाचव्या श्रेणीचं, म्हणजे सगळ्यात वरच्या. बेटांच्या दक्षिणेला पोचेपर्यंत वरच्या वाऱ्यांनी त्याचं डोकं उडवलं आणि ते विस्कटलं. केंद्र कुठल्याच बेटाला लागलं नाही. टीव्हीवर सगळे हुश्श. आणि आमच्याकडे? अकाका धबधब्याजवळ कहुना फॉल्सला ५८ इंच पाऊस नोंदला गेला, १४७३ मिमी. हिलो विमानतळावर चार दिवसांत ३६ इंचांवर. मुंबईकरांसाठी : २६ जुलै २००५ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिमी झाला होता, साधारण तेवढाच हिलोला चार दिवसांत. आणि त्याच लेनच्या वाऱ्यावर माउई बेटावर लाहायनाच्या वर वणवा पेटून घरं जळाली. एका बेटावर पूर, शेजारच्यावर आग, आणि वादळ म्हणे "चुकलं".

काल संध्याकाळी कड्यावर गेले होते. आमच्याकडे वाळू नाही, काळ्या लाव्हाचे कडे आहेत. आकाश स्वच्छ, वारा रोजचाच. पण लाटा मोजल्या. रोजच्या लाटा सात-आठ सेकंदांनी येतात. काल त्यांच्या मधूनच एखादी दमदार, संथ, अकरा-बारा सेकंदांच्या अंतराने येणारी. आपटली की पायाखालचा दगड थरथरायचा. शेजारचे अंकल (इथे वडीलधाऱ्या प्रत्येकाला अंकल-आंटीच म्हणतात, अगदी आपल्या काका-मावशीसारखं) म्हणाले, "ओला खडक कुठवर दिसतोय बघ. त्याच्याही दहा पावलं मागे उभी राहा."

वीज आहे तोवर लिहीत राहीन.

---

पुणेरी_खवचट
२५ ऑगस्ट २०२४, ०१:२६

थोडक्यात, वादळ येणार नाही, पण धागा आला.

---

चिंब
२५ ऑगस्ट २०२४, ०१:४१

@पुणेरी_खवचट, रात्री दीड वाजता जागं राहून टोमणा मारल्याबद्दल आभार. आता ऐका. ११ सप्टेंबर १९९२चं इनिकी. तेही असंच बेटांच्या दक्षिणेकडून पश्चिमेला चाललं होतं. मग उत्तरेला वळलं आणि थेट काउआई बेटावर. चौथी श्रेणी, वारा ताशी २३० किमीच्या घरात. सहा माणसं गेली, चौदाशेच्या आसपास घरं भुईसपाट. आजही काउआईला गेलात तर विमानतळापासून समुद्रापर्यंत रानटी कोंबड्या हिंडताना दिसतात. इनिकीत आणि त्याआधी १९८२च्या इवामध्ये खुराडी उडाली, त्यांचा हा गोतावळा असं तिथले लोक सांगतात.

वादळाला आपला रस्ता माहीत नसतो हो.

---

निशाचर_न्यूजर्सी
२५ ऑगस्ट २०२४, ०२:१०

हंड्याचा फोटो टाका.

---

दर्यावर्दी
२५ ऑगस्ट २०२४, ०६:५२

चिंबताई, धागा उत्तम. पस्तीस वर्षं जहाजांवर काढली, त्यातली बरीच प्रशांतात, म्हणून दोन शब्द. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, बातम्यांत वादळाच्या पुढच्या वाटेवर काढलेला दिसतो तो शंकू. तो वादळाचा नव्हे, वादळाच्या *केंद्राचा* आहे. मागच्या काही वर्षांत अंदाज किती चुकले यावरून तो काढतात आणि तीनपैकी साधारण दोन वेळा केंद्र त्याच्या आत राहतं. तिसऱ्या वेळी बाहेर. वादळ केवढं मोठं आहे याचा शंकूच्या रुंदीशी काही संबंध नाही. शंकूच्या बाहेर आहोत म्हणून निर्धास्त झोपणारा खलाशी मी पाहिलाय, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या केबिनमध्ये एकही वस्तू जागेवर नव्हती.

आम्ही जहाजावर एक-दोन-तीनचा नियम वापरायचो. चोवीस तासांच्या अंदाजात शंभर सागरी मैलांची चूक धरायची, अठ्ठेचाळीसला दोनशे, बहात्तरला तीनशे. त्यात ३४ नॉटचा (ताशी साधारण ६३ किमी) वारा केंद्रापासून जिथवर पोचतो तेवढं अंतर मिळवायचं. जो घेर येईल त्यात पाऊल टाकायचं नाही. मालक फोनवर कितीही ओरडला तरी.

दुसरी गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची. वादळाच्या मागे उभ्या आहात आणि ते जातंय तिकडे तोंड आहे अशी कल्पना करा. आपल्या उत्तर गोलार्धात उजव्या हाताची बाजू ती वाईट बाजू. आम्ही तिला धोक्याचं अर्धवर्तुळ म्हणतो. तिकडे वादळाचा स्वतःचा वारा आणि वादळाची चाल यांची बेरीज होते, डावीकडे वजाबाकी. शिवाय उजवीकडचा वारा जहाजाला वादळाच्या वाटेवर ढकलत नेतो.

आता होने पश्चिमेला चाललंय. त्याचा उजवा हात कुठे? उत्तरेला. उत्तरेला कोण? तुम्ही. जे वादळ हवाईच्या *खालून* जातं ते आपली वाईट बाजू बेटांना घासत नेतं. २०२०च्या जुलैत डग्लस ओआहू बेटाच्या *वरून* गेलं, पन्नासएक किलोमीटरवरून. अंतर याहून कमी, पण बेटं डाव्या हाताला. मोठं नुकसान झालं नाही त्यात या बाजूचाही वाटा आहे.

हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर आहे का घरात? फोनमध्येही असतो हल्ली.

---

चिंब
२५ ऑगस्ट २०२४, ०७:३३

कप्तानकाका, फोनवर बघितलं. दाब सकाळी दहाला १००३ मिलिबार होता, आता दुपारी चारला ९९८. घाबरू का?

इथे आता ढग खाली आलेत, सरी आडव्या. वारा झोत मारतो, थांबतो, परत मारतो. समोरच्या आल्बिझियाचा शेंडा रबरासारखा वाकतोय. हे झाड म्हणजे आपल्या शिरीषाचं भाऊबंद, वाढायला घाई, मोडायला त्याहून घाई. २०१४ला इझेल वादळ पुनात शिरलं तेव्हा याच झाडांनी तारा तोडल्या आणि काही घरं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. अंकल अजून त्याच गोष्टी सांगतात.

---

दर्यावर्दी
२५ ऑगस्ट २०२४, ०७:४९

उंची लावून दुरुस्त केलाय का आकडा? नसेल. तुमचं घर समुद्रापासून शंभर मीटर वर असेल तर बारा मिलिबार तिथेच गेले. म्हणजे १०१५चे १०१० झाले म्हणा.

आता पाचातले सगळे वादळाचे नाहीत. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी दहा आणि रात्री दहाला वर, पहाटे चार आणि दुपारी चारला खाली. दोन-तीन मिलिबारचा हा झोका वादळ नसतानाही असतो. कॅडेट असताना मला चीफ ऑफिसरने विचारलं होतं, "दाब पडतोय म्हणतोस, पण घड्याळात किती वाजलेत ते बघितलंस का?" तर तुमचे वादळामुळे उतरलेले दोन-तीन. नेहमीच्या सरासरीपेक्षा तीन मिलिबार खाली गेला की संशय घ्यायचा, पाच गेला की खात्री धरायची. रात्री दहाला बघा. त्या वेळी तो चढायला हवा. नाही चढला तर समजा.

आणि वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहा. केंद्र डाव्या हाताला, किंचित पुढच्या बाजूला. टीव्ही बंद पडला तरी हे बंद पडत नाही.

---

आकडेमोड
२५ ऑगस्ट २०२४, ०८:२०

चिंब यांनी कड्यावर लाटा मोजल्या हे वाचून जीव सुखावला. त्या बारा सेकंदांत सगळी गोष्ट आहे.

खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या आवर्तनकाळावर (दोन लाटांमधल्या सेकंदांवर) ठरतो. बारा सेकंदांची लाट सेकंदाला साधारण पावणेएकोणीस मीटर धावते. पण ऊर्जा घेऊन लाटांचा जो जथा निघतो तो याच्या निम्म्या वेगाने जातो, म्हणजे ताशी ३४ किमी. होने ताशी वीसएक किलोमीटरने चाललंय. हजार किलोमीटरवरून दोघं एकदम निघाले तर लाटा तीस तासांत दारात, वादळ पन्नास तासांत. मधले वीस तास आकाश निळं, वारा रोजचा, आणि समुद्राला मात्र कुठूनतरी धडधड सुटलेली.

माणसं या वीस तासांत मरतात. ऊन पडलंय, फोटो छान येईल, म्हणून पुढे जातात.

अजून एक. अंदाजात "लाटांची उंची ४ मीटर" असं येतं ती सगळ्यात उंच लाटेची उंची नसते. सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी. काही तास उभे राहिलात तर त्याच्या जवळजवळ दुप्पट एखादी येतेच. वीस मिनिटं बघितलं, इथवर पाणी येत नाही, म्हणून सतरंजी पसरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

---

वाइकीकी_वहिनी
२५ ऑगस्ट २०२४, ०८:४४

आणि हवाईतला सर्फर उंची सांगतो ती वेगळीच! तो लाट *मागून* मोजतो. तो "पाच फूट" म्हणाला की समोरून दहा फुटांची भिंत येते. माझ्या दिराने पहिल्या आठवड्यात याचा अनुभव घेतला. चष्मा अजून समुद्रात आहे.

होनोलुलूत आत्ता फक्त वारा. पण दुकानात तांदूळ, टॉयलेट पेपर आणि स्पॅमचे डबे संपले. बाहेरच्यांना हसू येतं, पण इथलं ऐंशी-नव्वद टक्के अन्न जहाजाने येतं आणि त्यातलं बहुतेक होनोलुलू बंदरातून. सरकार स्वतःच चौदा दिवसांचा साठा ठेवा म्हणतं.

---

पुणेरी_खवचट
२५ ऑगस्ट २०२४, ०८:५१

बंदर कोण बंद करतं? आणि वादळ येतंय म्हणून जहाजं बंदरात शिरायची सोडून बाहेर पळतात असं ऐकलं, ते खरं का? (या वेळी खवचटपणा नाही.)

---

दर्यावर्दी
२५ ऑगस्ट २०२४, ०९:३७

बंद करतं अमेरिकी तटरक्षक दल. चार पायऱ्या असतात : व्हिस्की, एक्स-रे, यांकी, झुलू. जोराचा वारा ७२ तासांवर आला की व्हिस्की, मग ४८, २४, आणि १२वर झुलू. झुलू लागला की बंदराला कुलूप. आपल्याकडे बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो, त्याचीच ही जातकुळी.

आणि हो, मोठी जहाजं बाहेर पळतात. धक्क्याला बांधलेलं जहाज लाटेने उचललं की दोर तुटतात आणि मग ते धक्क्याला डोकं आपटत बसतं. खोल पाण्यात हलायला जागा असते. २०१८ला लेन येताना अमेरिकी नौदलाने पर्ल हार्बरमधली जहाजं आणि पाणबुड्या समुद्रात काढल्या होत्या. पण काढायच्या त्या *वेळेत* आणि वादळापासून लांब.

लांब न गेल्याचं उदाहरण सांगतो. मन घट्ट करून वाचा. एल फारो. १९७५चं मालवाहू जहाज, जॅक्सनव्हिलहून पोर्तो रिकोच्या सान हुआनला कंटेनर घेऊन निघालेलं. २०१५च्या सप्टेंबरअखेर बहामा बेटांजवळ हॉआकिन वादळ फुगत होतं. आपण त्याच्या खालून, जवळून निघून जाऊ असा हिशेब केलेला. १ ऑक्टोबरला पहाटे जहाज वादळाच्या डोळ्याभोवतीच्या भिंतीत होतं. एका बाजूला कललं, खालच्या खणात पाणी शिरलं, इंजिनाला वंगणाचं तेल मिळेना, ते बंद पडलं. ३३ माणसं. एकही वाचला नाही.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये साडेचार किलोमीटर खोलीवरून त्याचा आवाज टिपणारा रेकॉर्डर वर काढला. २६ तासांचं बोलणं. चौकशीत बऱ्याच गोष्टी निघाल्या, पण माझ्यासारख्याच्या पोटात कालवतं ती ही : ब्रिजवर (जहाज चालवतात त्या खोलीत) दोन ठिकाणांहून हवामान येत होतं. एक थेट, मजकुराच्या रूपात. दुसरं सुबक रंगीत नकाशावर, पण कित्येक तास शिळं. कप्तान त्या रंगीत नकाशावर विसंबला. कनिष्ठ अधिकाऱ्यांनी रात्री फोन करून सांगितलं, वाट बदलू या. बदलली नाही.

मी त्या वयाचा असतो तर रंगीत नकाशाच बघितला असता. म्हणून सांगतो, चित्र बघण्याआधी त्याच्या कोपऱ्यातली वेळ वाचा.

---

देवगडकर
२५ ऑगस्ट २०२४, १०:१५

कप्तानसाहेब, वाचून गप्पच झालो.

आमच्याकडचं "न लागलेलं" वादळ म्हणजे क्यार. २०१९, ऐन दिवाळी. किनाऱ्याला शिवलं नाही, ओमानच्या दिशेने गेलं. पण त्याआधी देवगड बंदरात परराज्यातल्या बोटींची एवढी दाटी की या डेकवरून त्या डेकवर चालत जावं. मालवणकडे देवबागला पाणी घरात. आणि कापून आडवं केलेलं भात शेतातच रुजलं. आमची आजी म्हणायची तसं, वादळ खय लागला नाय, पण भात मात्र घेवन गेला.

गेल्या वर्षीचं बिपरजॉय तर शेकडो किलोमीटर लांब होतं, शेवटी कच्छात जखाऊला लागलं. तरी जूनमध्ये गणपतीपुळ्याला लाट पर्यटकांना आणि दुकानांना घेऊन वर आली होती, आणि जुहूला पोरं बुडाली. गावात तांडेल लोक आधीपासून सांगत होते, पाण्याला ओढ आहे. पण मोबाईलवर ऊन दिसत होतं ना!

---

किहेईची_केतकी
२५ ऑगस्ट २०२४, ११:०२

मी माउईवर, किहेईत. चिंबकडे पाऊस आडवा पडतोय आणि माझ्याकडे थेंब नाही. आम्हाला वेगळाच इशारा आहे : रेड फ्लॅग, आगीचा.

हे समजायला आपलं शाळेतलं भूगोलाचं पुस्तक पुरतं. महाबळेश्वर आणि वाई. पूर्वेचा वारा मौना केआ, मौना लोआवर चढतो (दोन्ही चार हजार मीटरच्या वर), पाणी हिलोच्या बाजूला सांडतो आणि पलीकडे कोरडा होऊन घसरत उतरतो. वादळ दक्षिणेला असलं की हाच वारा दुप्पट जोराने येतो. चिंबच्या वाट्याला महाबळेश्वर, आमच्या वाट्याला (इथल्या हालेआकाला डोंगराची) पर्जन्यछाया, तीही उसाचे मळे बंद पडल्यावर माजलेल्या गवतासकट. ऑगस्टमध्ये ते गवत हातात चुरलं तर कागदासारखा आवाज येतो.

८ ऑगस्ट २०२३ला डोरा वादळ शेकडो मैल दक्षिणेला होतं. माउई कुठल्याच शंकूत नव्हतं. उत्तरेला उच्च दाब, दक्षिणेला डोरा, आणि मधल्या उतारावरून वारा सुटला. डोराचा त्यात वाटा किती यावर हवामानवाले अजून भांडतात, बराचसा दोष उत्तरेच्या उच्च दाबाचा म्हणणारे पुष्कळ आहेत. लाहायनात वणव्यात शंभरावर माणसं गेली, बावीसशेवर इमारती. मी त्या दिवशी किहेईतून डोंगरापलीकडचा धूर बघत होते. त्याहून जास्त लिहीत नाही.

डोरा मात्र तसंच पुढे गेलं, तारीखरेषा ओलांडली आणि तिकडे त्याला टायफून म्हणू लागले. तेच वादळ, आडनाव बदललेलं.

आज दारात गाडी तोंड रस्त्याकडे करून लावली आहे. टाकी भरलेली. बस्स.

---

व्यवस्थापक
२५ ऑगस्ट २०२४, ११:३०

हवामानबदल खरा की खोटा यावरचे चार प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे होनेबद्दलच बोला.

---

चिंब
२५ ऑगस्ट २०२४, १४:१२

रात्रीचे पावणेअकरा. वीज सव्वानऊला गेली. फोन ६१ टक्के.

कप्तानकाका, दहाला दाब चढला नाही. उलट अजून एक उतरला. आकडा बघितला आणि पोटात गोळा आला, पण एक मात्र झालं, आता काय चाललंय ते कळतंय.

पत्र्यावर पाऊस असा की शेजारी बसलेल्या नवऱ्याशी बोलायला ओरडावं लागतंय. रोज रात्री इथे कोकी बेडकांचा एवढा गलका असतो की आईला फोनवर पक्षी वाटतात. आज वाऱ्याचा मोठा झोत आला की सगळे एकदम गप्प, झोत गेला की कुठूनतरी एकच "को-की". मग दुसरा. थोड्या वेळापूर्वी मागच्या बाजूला काहीतरी मोडलं. आधी बंदुकीसारखा आवाज, मग बराच वेळ पानांचा सळसळाट, मग धप्प. टॉर्च मारून बघितलं, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरचा आल्बिझिया. टाकीपासून दोन हातांवर.

दूर समुद्राचा आवाज वेगळा ओळखू येतो. पावसाला खंड नाही, त्याला आहे.

---

वाइकीकी_वहिनी
२५ ऑगस्ट २०२४, १४:३०

खिडक्यांपासून लांब झोपा गं. आणि जिना असेल तर जिन्याखाली.

---

पुणेरी_खवचट
२५ ऑगस्ट २०२४, १९:०५

काही खबर? त्यांच्याकडे पहाटेचे साडेतीन झाले असतील.

---

दर्यावर्दी
२५ ऑगस्ट २०२४, १९:२०

आता सगळ्यात जवळ येत असेल. ताजा अहवाल वाचला, होने आता हरिकेन झालंय, पहिल्या श्रेणीचं. फोन वाचवत असतील. त्यांना सारखं विचारू नका.

---

चिंब
२५ ऑगस्ट २०२४, २१:४४

सुखरूप. सकाळचे सव्वासहा. केंद्र दक्षिण टोकापासून शंभर किमीच्या आतबाहेर होतं म्हणे. कुठेच "लागलं" नाही. माझ्या पर्जन्यमापकाची नळी ११ इंचांची आहे, ती रात्रीत एकदा रिकामी करावी लागली. फोन १८ टक्के. नंतर लिहिते.

---

देवगडकर
२५ ऑगस्ट २०२४, २१:५०

देवाक काळजी! उद्या गोकुळाष्टमी, तुमच्या नावाने दही-पोहे.

---

चिंब
२६ ऑगस्ट २०२४, ०९:१५

रविवार संध्याकाळचे पावणेसहा. वीज चारला आली. सगळ्यांचे आभार, खवचटरावांचेही.

दुपारी रस्ता मोकळा झाल्यावर हिलोपर्यंत जाऊन आलो. वाइलुकू नदी दुधाच्या चहासारखी, झाडांचे ओंडके घेऊन खाडीत उतरतेय, आणि खाडीचं पाणी किनाऱ्यापासून लांबवर तपकिरी. अशा वेळी आरोग्य खातं "ब्राउन वॉटर" म्हणून पाण्यात उतरू नका असा इशारा देतं. मैला, मेलेली जनावरं, शेतातली औषधं, आणि गढूळ पाण्यात शार्क किनाऱ्याजवळ येतात. पण मला जास्त भीती लेप्टोची. पुराच्या पाण्यातून पायाच्या जखमेत शिरणारा तोच लेप्टो, मुंबईत २००५नंतर घराघरात कळलेला. अमेरिकेच्या राज्यांमध्ये तो सगळ्यात जास्त हवाईतच आढळतो. आणि तरी दोन पोरं फळ्या घेऊन त्याच पाण्यात! ऊन पडलं होतं ना.

कड्यावरही गेलो. परवा जिथे अंकल उभे होते तिथे आज नारळाएवढे दगड पडलेत. पांढरे पोवळ्याचे तुकडे, म्हणजे खालून समुद्राने वर फेकलेले. ओल्या खडकाची रेघ त्याच्याही बरीच मागे गेली आहे. वारा आता साधा. पण लाटा अजून मोठ्याच, फक्त थोड्या दक्षिणेकडून येणाऱ्या. वादळ निघून गेलं, त्याचं देणं अजून येतंय.

मागून गिल्मा नावाचं दुसरं निघालंय. चौथ्या श्रेणीचं, पण इथे पोचेपर्यंत थंड पाण्यावर विरघळेल असा अंदाज आहे.

---

आकडेमोड
२६ ऑगस्ट २०२४, ०९:३१

त्या नव्या लाटांचा आवर्तनकाळ मोजलात का?

---

चिंब
२६ ऑगस्ट २०२४, ०९:४०

दहा सेकंद. तीनदा मोजला, नवरा वैतागला.

---

दर्यावर्दी
२६ ऑगस्ट २०२४, ०९:५८

आणि दाब?

---

चिंब
२६ ऑगस्ट २०२४, १०:०३

१००१. उंची धरून १०१३. आणि घड्याळ बघूनच सांगतेय काका, आत्ता साडेसहा वाजलेत, म्हणजे चढत्या वेळेला.

टाकी तुडुंब भरून वाहतेय. पंप सुरू केला तर नळाला आधी पानं आली, मग चहाच्या रंगाचं पाणी. उकळायला ठेवलंय. तोवर हंड्यातलंच पितोय. @निशाचर_न्यूजर्सी, फोटो घ्या :

[फोटो : तांब्याचा हंडा, झाकणावर कोकी बेडूक]